आक्काचा आकडा

४ जानेवारी २०२४

आज संभाजीनगरच्या दवाखान्यात माझं वजन झालं. एकशे बारा किलो चारशे ग्रॅम.

सेलूच्या जिनिंगमध्ये चौदा वर्षं झाली मी काट्यावर बसतो. कापसाची भरलेली गाडी मोजायची, मग रिकामी मोजायची, फरक सांगायचा. दोन किलोचा घोळ झाला तरी शेतकरी गचांडी धरतो. आणि माझं स्वतःचं वजन कोणी विचारलं की मी "असंल अठ्ठ्याण्णव" म्हणत आलो. हे अठ्ठ्याण्णव लेकीच्या, साक्षीच्या बारशाच्या वेळचं. ती आता नववीत आहे.

गेलो होतो आक्कासाठी. माझी थोरली बहीण अनसूया, सोनपेठला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा परभणीला येऊन डायलिसिस करून घेते. दत्तराव दाजींना साखर आहे, त्यांची किडनी चालत नाही. लेकरूबाळ त्यांना नाही. आई-बापू राहिले नाहीत. उरलो मी. माझं आणि आक्काचं रक्त जुळतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "माझी घ्या की! एवढा देह हाय, एक गेलेली कळणारबी न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. बीपी दीडशेच्या वर. तीन महिन्यांची साखर काठावर. लिव्हरवर चरबी. म्हणाले, "तुमच्या दोन किडन्यांनाच हे ओझं झेपेना. एकीवर कसं टाकू?" आणि मला सोनोग्राफीला पाठवलं. मी परत येईस्तोवर आक्का-दाजींचं डॉक्टरांशी बोलणं उरकलं होतं. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "पंच्याऐंशी किलो. तवर ऑपरेशन न्हाई." दाजी काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला. आक्कानं त्यांना गोळ्या आणायला पिटाळलं.

सत्तावीस किलो उतरवायचे. पाव क्विंटलच्या वर कापूस अंगावर घेऊन मी रोज हिंडतोय तर.

राजनंदिनी मॅडम म्हणून आहेत तिथं. किडनी देणारे-घेणारे यांची सगळी कामं त्या बघतात. त्यांनी वही घालायला सांगितली. काय खाल्लं, किती चाललो, मनात काय आलं. खाण्याची वही अर्पिता ठेवणार आहे. बायकोच्या वहीत खोटं चालत नाही. मनातली वही ही माझी. कोणाला दाखवायची नाही.

फाईलवर इंग्रजीत "बीएमआय पस्तीसच्या खाली" असं काहीतरी लिहिलंय. ते डॉक्टर लोकांचं गणित. आपल्याला किलो कळतात. फाईल आक्काकडंच राहू दिली, आणि मॅडमचा नंबरही. ती म्हणाली, "फोन मी करीन. तू निस्ता चाल."

६ जानेवारी

आज चहा मोजले. अकरा झाले. एकेका कपात दोन चमचे साखर. अर्पितानं रात्री ताटात बावीस चमचे साखर ओतून दाखवली. मी तो ढीग परत डब्यात भरला.

परभणीच्या आहारवाल्या बाई बऱ्या आहेत. मला वाटलं उकडलेलं गवत सांगतील. म्हणाल्या, भाकरी सोडू नका, फक्त आधी वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मग दीड भाकरी. तळलेलं बंद. मीठ कमी. आणि ताटावरून उठताना अजून थोडी जागा आहे असं वाटलं पाहिजे. मी विचारलं, "थोडी म्हंजे किती?" त्या म्हणाल्या, "तुमच्या हिशोबानं नाही, माझ्या हिशोबानं."

८ जानेवारी

पहाटे अर्पितासोबत फिरायला निघालो. रेल्वे गेटपर्यंत जायचं ठरलं होतं. जाताना दोनदा बसलो. परत येताना मोजलं नाही. मांड्या घासून सोलून निघाल्या. गेटवर कोणीतरी ओळखीचा ओरडला, "काटेवाले, इंजिन गरम झालं का?" अर्पिता मला न विचारताच म्हणाली, "झालं! पर बंद न्हाई पडलं!"

११ जानेवारी, येळवस

अमावस्येच्या रानपूजेला आणि जेवणाला सोनपेठला दाजींच्या शेतात गेलो. पूजेसाठी कडब्याची कोप, जेवायला मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. काल डायलिसिस झालेली आक्का सगळं रांधून बसलेली. गावात तिची पिठाची गिरणी आहे. आजारपणात ती दुसऱ्याला चालवायला दिली, पण मापानं देण्याची सवय गेली नाही. मला दोन उंडे वाढले आणि दुरडीवर फडकं टाकलं.

"आक्का, येळवस हाय आज."

"हाय की. शेताची हाय, तुझी न्हाई."

कोपीपासून रस्ता तीनशे पावलं असेल. मधल्या बांधावर मला दम लागून खाली बसावं लागलं. डोळ्यापुढं काजवे. आक्का माझ्याजवळ उभी राहिली, सुईनं काळानिळा झालेला हात कमरेवर ठेवून. "आजारी कोण हाय रं आपल्यात?" हसतच विचारलं तिनं. मला नाही हसू आलं.

१ फेब्रुवारी

सकाळी कोणी यायच्या आत गाठी मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे नऊ. दोनदा उतरून चढलो. काटा बरोबर आहे, मीच लावलेला आहे. आक्काला फोन केला. ती म्हणाली, "शाब्बास. साखर कधी तपासायची?" तिच्या स्वतःच्या तब्येतीचं विचारलं तर म्हणे, "माझं काय इचारतोस? मी तर खाटेवर पडून असते."

१४ फेब्रुवारी

अर्पिताची झोप लय कच्ची झालीय. रात्रीतून चार-पाच वेळा मला हलवते, "कुशीवर व्हा" म्हणते. उठून बघतो तर टक्क जागी असते. दुपारी शिवणाच्या मशीनवर डुलक्या घेते. तिला टॉनिक आणून देतो म्हणालो तर माझ्याकडं असं बघितलं की मी विषय सोडला.

२४ मार्च, होळी

पुरणपोळ्या चार. अर्पिताच्या वहीत दोन. ही वही खरी आहे.

१ एप्रिल

एकशे पाच. 

१५ एप्रिल

एकशे पाच.

२२ एप्रिल

एकशे साडेपाच. चालतो मी रोज, पण पंधरा दिवस झाले, मिलमध्ये चारला भजे येतात तेव्हा हात लांब होतो. परवा पाथरीच्या स्टँडवर उतरून एकटाच जिलेबी खाऊन आलो. भूक नव्हती.

आता जे लिहितो ते कुठंच बोलणार नाही. मला भीती वाटते. पोट चिरून आतलं चांगलं चाललेलं काढून देणार. मग माझी एक बंद पडली तर? साक्षीचं शिक्षण व्हायचंय. जिलेबी खाताना माझ्या मनात स्पष्ट आलं, की वजन उतरलंच नाही तर 'यानं किडनी नाही दिली' असं मला कोणी म्हणणार नाही. डॉक्टरच नको म्हणाले, बिचाऱ्यानं प्रयत्न केला असं म्हणतील.

असा मी आहे. बाहेरून एवढा मोठा, आतून एवढासा.

२९ एप्रिल

दाजींना ताप होता म्हणून आक्कासोबत डायलिसिसला मी बसलो. चार तास. नळ्यांतून तिचं रक्त बाहेर जातं, यंत्रातून फिरून परत येतं. ती मजेत गप्पा मारत होती. शेजारची खाट रिकामी होती. मागच्या महिन्यात तिथं पाथरीकडची एक बाई असायची, आक्काशी भांडून पंखा तिच्याकडं वळवून घ्यायची. मी विचारलं, "ती पंखेवाली कुठं गेली? तिचा वार बदलला का?"

आक्का म्हणाली, "गेली ती. गुरुवारी."

मग लगेच, "तू आज चालून आलास का स्टेशनापासून? का रिक्षानं?"

रिक्षानं आलो होतो. जाताना चालत गेलो. सेलूला उतरल्यावरही घरी चालत आलो. भीती गेली नाही. ती सोबतच चालत होती.

१२ मे

एकशे दोन! मिलमध्ये मालक भगवानराव म्हणाले, "योगीराज, तुझी पँट तुझ्या आधी खाली यायलीय." सगळे हसले, मीही हसलो. भजे आले की आता मी गोदामाकडं चक्कर मारायला जातो.

दाजींचा फोन आला होता. "अजून किती महिने?" आवाज चढलेला. म्हणालो, "दाजी, मी करायलोय की जिवाचं रान." ते म्हणाले, "तुमाला न्हाई बोलायलो मी!" आणि फोन ठेवला. मला नाही तर कोणाला? दाजींना वाटतं मी मुद्दाम रेंगाळतोय. एप्रिलात तर खरंच रेंगाळत होतो. त्यांचा राग खोटा नाही, म्हणून जास्त लागतो.

१ जुलै

सत्त्याण्णव सहाशे. आपण शंभराच्या आत! काट्यावर दोनच आकडे बघून मी माझ्याच पाठीवर थाप मारली.

डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली. इथल्याच डॉक्टरांनी, सेलूच्या. साखर काठावरून मागं सरकली. चपलेचा पट्टा खाली वाकून लावतो, श्वास न रोखता. गुडघे सकाळी कुरकुरत नाहीत. रविवारी साडूच्या घरी पंगतीत मांडी घालून बसलो आणि हात न टेकता उठलो. कोणीच बघितलं नाही. म्हणून परत बसलो आणि परत उठलो. तेव्हा अर्पितानं बघितलं.

तिची झोप सुधारलीय हल्ली. माझ्या आधी घोरायला लागते. टॉनिक न देताच बरी झाली.

१९ ऑगस्ट, राखी

चौऱ्याण्णव सातशे. राखीला सोनपेठला गेलो तेव्हा आधी गिरणीच्या काट्यावर उभा राहिलो. आक्का आकडा बघत राहिली. कोणी परक्यानं सांगितलेली बातमी असावी तशी. "पंच्याण्णवच्या आत आलास," म्हणाली आणि एकदम रडायला लागली.

"आगं आक्का, अजून धा राहिलेत. आत्ताच काय रडतीस?"

"व्हय, राहिलेत अजून धा," म्हणाली पदरानं डोळे पुसत.

दाजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आपटला, "अनसूया, बास आता," म्हणाले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. मला घास जाईना. चौऱ्याण्णवला आलो तरी या माणसाचं समाधान नाही. परत येताना बसमध्ये ठरवलं की आता रोज दोन वेळा चालायचं.

८ सप्टेंबर

पाय मुरगळला. पाच दिवस सक्तीची विश्रांती. बसून खाण्यात एक किलो वाढला. साक्षी म्हणाली, "बाबा, तोंड मुरगळलं असतं तर बरं झालं असतं." पोरगी आक्काच्या वळणावर चाललीय.

२ ऑक्टोबर

ब्याण्णव. हळूहळू उतरतंय आता. अर्पिता म्हणाली, "आहारवाल्या बाईंनी सांगितलं ना, शेवटचे किलो चिवट असतात म्हणून." मी स्वतःच राजनंदिनी मॅडमला फोन करून विचारावं म्हटलं, ब्याण्णव चालणार नाही का. आक्काकडं नंबर मागितला. तिला सापडेना. एवढी नीटनेटकी बाई, कागद कुठं ठेवला आठवत नाही म्हणाली. आजारपणानं विसराळू झाली असेल.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

नव्वद तीनशे. पण आज वजनाचं लिहावं वाटत नाही. आक्काचं तोंड सुजलेलं. ओवाळायला उठताना दाजींनी दंडाला धरलं. तरी मला पाटावर बसवून म्हणते, "गाल बसले रं तुझे. बापू तरुणपणी असे दिसायचे." मी लहानपणी पाहिलेला बापूंचा फोटो आठवून पाहिला. मला बापू जाडच आठवतात. एक्कावन्नाव्या वर्षी धान्याच्या मोंढ्यात उभ्या उभ्या गेले, मी कॉलेजात होतो.

१२ नोव्हेंबर

दुपारी काट्यावर होतो. सीझन, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. अनोळखी नंबर.

"योगीराज बोलताय का? मी राजनंदिनी, ट्रान्सप्लांट विभागातून. तुमचा नंबर आत्ता दत्तरावांनी दिला. तुमच्या ताई परभणीत ॲडमिट आहेत, डायलिसिसच्या हाताची शीर बंद पडलीय. घाबरू नका, दुसरी सोय केलीय. पण आता थांबण्यात अर्थ नाही. तुमचं वजन किती आहे?"

"नव्वद," मी म्हणालो. "पाच राहिलेत मॅडम. महिनाभर द्या."

"कसले पाच?"

"पंच्याऐंशीला."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या उंचीला पंच्याण्णव सांगितलं होतं सरांनी. पंच्याण्णवच्या आत आलात की चाचण्या सुरू करायच्या होत्या. मी ऑगस्टपासून ताईंना विचारतेय. त्या म्हणतात, अजून झालं नाही."

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला वजन दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. भगवानरावांना म्हणालो, "मालक, काट्यावर दुसरं कोणी बसवा," आणि स्टेशनाकडं निघालो. निम्म्या वाटेत लक्षात आलं की मी पळतोय.

१३ नोव्हेंबर

काल रात्री हात चालला नाही. आज लिहितो.

दाजी वॉर्डाच्या बाहेर बाकावर होते. मला बघून उभे राहिले. म्हणाले, "योगीराज, मला माफ करा. पैल्या दिवशीच सांगणार व्हतो. तिनं शपथ घातली मला. रोज भांडलो मी तिच्यासंग. ऑगस्टात तर घर सोडून जावं वाटलं." आणि हा माणूस सहा महिने माझ्यावर रागावलाय असं मी या वहीत लिहीत होतो.

आत आक्का. मानेला नळी. मी बसलोच नाही.

"पंच्याण्णव व्हतं ना?"

तिनं खिडकीकडं बघितलं. "कोण मनलं?"

"आक्का! तीन महिने! तीन महिने फुकट सुया टोचून घेतल्यास. तुला काही झालं असतं तर? ही अक्कल कोणाची?"

"वरडू नको, पेशंट हायत इथं." मग शांतपणे म्हणाली, "तू दहावीला गणितात किती मार्क आणलेस?"

"त्याचं काय आता?"

"पस्तीस. पास व्हायला पस्तीस लागतात, तर तू पस्तीसच आणलेस. छत्तीस न्हाई. पंच्याण्णव सांगितले असते तर पंच्याण्णवला तू पैली जिलेबी खाल्ली असतीस. मला म्हाईत न्हाई का तू? मी कडेवर घेऊन हिंडवलंय तुला."

"मनून स्वतःचा जीव टांगणीला लावायचा?"

"तुला एका किडनीवर चाळीस वर्सं काढायचीत योगू. बापूवानी एक्कावन्नला जायचं न्हाई. तुझी किडनी माझ्या अंगात नांदायची अन तू तिकडं बीपीनं अंथरूण धरायचं, तर मला घास गिळंल का? मी डॉक्टरला इचारलं, ह्याला काई तकलीफ होऊ नये असं वजन किती? ते मनले, जितकं कमी तितकं बरं, पंच्याऐंशीला आला तर सोनं. मग मी सोनं मागितलं."

मी वॉर्डातून बाहेर आलो. तिच्याशी बोलायचं नाही ठरवलं.

१७ नोव्हेंबर

चार दिवस बोललो नाही. रोज परभणीला जाऊन बसलो मात्र. फळं दाजींच्या हातात द्यायचो. आक्का पण माझ्याकडं बघून दाजींना म्हणायची, "ह्यानं जेवण केलं का इचारा." वॉर्डातल्या सिस्टर हसायला लागल्या होत्या.

आज दाजी औषधं आणायला गेले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "आक्का, राग तुझा न्हाईच मला. एप्रिलात मला वाटत व्हतं वजन कमीच होऊ नये. भेव वाटत व्हतं. मुद्दाम खात व्हतो मी. तू तिकडं सुया घेत व्हतीस अन मी पाथरीला जिलेबी." एका दमात बोललो, नाहीतर बोललोच नसतो.

तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "म्हाईत हाय. त्या दिवशी दवाखान्यात तू मोठमोठ्यानं मजाक करायलास तवाच वळखलं. लहानपणी हिरीत उडी टाकायच्या आधी असाच बडबडायचास. तुला येळ पायजे व्हता. धा किलोचा येळ दिला मी."

"अन नसतोच आलो तर?"

"तर तुझं वजन तरी उतरलं असतं."

मी लहान लेकरासारखा रडलो. सिस्टर येऊन म्हणाली, पेशंट कोण आहे तुमच्यात. आक्का म्हणाली, "मी बी हेच इचारते."

भीती अजून आहे का? आहे. पण आता ती माझ्या मापाची झालीय. तिला घेऊन चालता येतं.

३० डिसेंबर

महिनाभर चाचण्या, कागद, परवानगी देणाऱ्या समितीपुढं उभं राहणं. कोणी जबरदस्ती केली का, असं तीनतीनदा विचारलं. मी म्हणालो, "जबरदस्ती झाली साहेब, पण फक्त वजनाची." राजनंदिनी मॅडमनी पायावर पाय देऊन मला गप्प केलं.

बीपी एकशे चोवीस वर ऐंशी, गोळी बंद. साखर साधी. लिव्हर जवळजवळ साफ. डॉक्टर रिपोर्ट उलटेपालटे करून म्हणाले, "जानेवारीत आलेला माणूस हाच का?" वजन सत्त्याऐंशी.

२७ जानेवारी २०२५

उद्या भरती, परवा ऑपरेशन. शहाऐंशी किलो. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "एक किलो माफ." अर्पितानं बॅग काढली. माझे कपडे घडी करत बसली. एक शर्ट चार वेळा घडी केला. शेवटी म्हणाली, "कुशीवर झोपा तिथं." बरं म्हणालो.

१ फेब्रुवारी

लिहिताना टाके ओढतात. दोघंही बरे आहोत. आतलं यंत्र तिकडं गेलं आणि टेबलावरच चालू झालं म्हणे. दाजी येऊन माझे पाय धरायला लागले, मी ओरडलो, टाक्यात कळ आली, मग त्यांनीच मला धरून निजवलं.

वजन कमी होतं म्हणून भूलही नीट बसली आणि जखमही लवकर भरतेय, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी वॉर्डात चाललो. अर्पिता सोबत होती. आम्ही दोघं चालायचे तज्ज्ञ झालो आहोत.

९ फेब्रुवारी

मला सुटी होऊन पाच दिवस झाले, जवळच खोली घेऊन राहतोय. आज आक्काजवळ जाऊ दिलं, तोंडाला मास्क लावून. तोंडावरची सूज पार गेली. गालाची हाडं दिसतात. म्हणाली, "आता आपण दोघं भावंडं दिसायलो."

डायलिसिस सुरू झाल्यापासून आक्काला पाणी मापून मिळायचं, दिवसाचं सगळं मिळून एक बाटली. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायची, असं दाजींनी आज सांगितलं. मला कधी कळू दिलं नाही. आणि आज सिस्टर तिला रागावत होती, "मावशी, तीन लिटर झालं पाहिजे दिवसात. सकाळपासून एवढंच?"

आक्कानं ग्लास दोन्ही हातात घेतला. एक घोट घेऊन थांबली, सवयीनं. सिस्टरकडं बघितलं. "समदा?"

"सगळा. आणि मग अजून एक."

तिनं तो एका दमात रिकामा केला. डोळे मिटून. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं ते पुसलंही नाही. दुसरा घेतला. तोही. मग ग्लास पुढं करून लाजत म्हणाली, "अजून मिळंल का?"

दाजी तांब्या घेऊन उठले, आणि भरायला गेले ते नळापाशीच उभे राहिले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.